लाडाचं वजन : घरातल्या कुत्र्याचा लठ्ठपणा आणि आपली जबाबदारी



मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, गुडघेदुखी या विषयांवर आपण इथे नेहमी बोलतो. आजचा रुग्ण वेगळा आहे. त्याला चार पाय आहेत, तो आपली तक्रार सांगू शकत नाही, आणि त्याचं वजन वाढण्यात त्याचा स्वतःचा दोष जवळजवळ नसतो. मी बोलतोय तुमच्या घरातल्या कुत्र्याबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. कुत्र्याची तपासणी, निदान आणि औषधं हे पशुवैद्याचंच काम. पण वाढत्या वजनाशी माझा रोजचा संबंध येतो, आणि वजन-साखर दाखवायला येणाऱ्या बऱ्याच घरांत कुत्राही असतो. बोलता बोलता त्याचा विषय निघतोच. "डॉक्टर, आमचा लॅब्रॅडॉरपण माझ्यासारखाच झालाय बघा," असं हसत हसत सांगितलं जातं. मला मात्र त्यात हसण्यासारखं फारसं काही वाटत नाही.

माझं मत सरळ आहे. माणसाचा लठ्ठपणा गुंतागुंतीचा असतो. त्यात आनुवंशिकता असते, ताण असतो, अपुरी झोप असते, कामाच्या वेळा असतात, समोर आलेल्या ताटाला नाही म्हणण्याचा संकोचही असतो. कुत्र्याच्या बाबतीत चित्र बरंच सोपं आहे. तो फ्रीज उघडत नाही, बेकरीत जात नाही, मोबाईलवरून काही मागवत नाही. त्याच्या भांड्यात काय पडणार हे आपण ठरवतो. म्हणून त्याचं वजन हा त्याचा नव्हे, आपला निर्णय असतो. फक्त तो निर्णय आपण कधी बसून घेतलेला नसतो. घरातला प्रत्येक जण थोडा थोडा, प्रेमाने घेत असतो.

गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे

आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) दुष्काळाची आठवण बाळगणारा आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आजही घराघरांत आहेत. जिथे पोटभर मिळण्याची शाश्वती नव्हती, तिथे अंगावरचं मांस हीच सुबत्तेची खूण होती. बाळ गुटगुटीत हवं, बैल भरलेला हवा, तसाच कुत्राही "खात्यापित्या घरचा" दिसायला हवा. ही नजर एका पिढीत बदलत नाही.

पण परिस्थिती बदलली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास दर चार प्रौढांपैकी एकाचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं. घरातल्या माणसांचं खाणं वाढलं, हालचाल कमी झाली, आणि कुत्रा त्याच घरात राहतो. अमेरिकेत २०२२ च्या एका पाहणीत ५९ टक्के पाळीव कुत्रे जादा वजनाचे निघाले. आपण त्या वाटेवर चालूच लागलो आहोत. वस्तीवरचा राखणीचा कुत्रा दिवसभर बांधावरून, गोठ्यापासून विहिरीपर्यंत फिरत असतो. सावेडीतल्या किंवा भिंगारमधल्या फ्लॅटमधला कुत्रा सोफ्यावरून गॅलरीत आणि गॅलरीतून सोफ्यावर. दोघांच्या पुढे भाकरी मात्र तेवढीच येते.

उलट आपल्याकडचा कारवानी कुत्रा पाहा. लांब पाय, आत गेलेलं पोट, हलक्याशा दिसणाऱ्या बरगड्या. ही त्याची नैसर्गिक बांधणी आहे. तरी तो पाळणाऱ्याला लोक विचारतात, "खायला घालत नाही का हो?" लठ्ठ पग पाळणाऱ्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचे फोटो काढतात.

वजन जास्त आहे हे ओळखायचं कसं?

यासाठी यंत्र लागत नाही, हात लागतो. पशुवैद्य कुत्र्याच्या शरीरयष्टीला एक ते नऊ असे गुण देतात. चार-पाच म्हणजे योग्य, सहाच्या पुढे जादा. घरच्या घरी तीन गोष्टी तपासा.

पहिली, बरगड्या. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंवरून हलक्या हाताने बोटं फिरवा. आता स्वतःच्याच हाताशी तुलना करा. मूठ वळल्यावर बोटांची हाडं जशी टोचतात तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा बहुधा जास्त बारीक आहे. हात सरळ ठेवून त्याच्या पाठच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर उत्तम. आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखं, म्हणजे दाबल्याशिवाय हाड लागतच नसेल, तर वजन जास्त आहे.

दुसरी, कंबर. कुत्रा उभा असताना वरून पाहा. बरगड्यांच्या मागे शरीर आत वळलेलं दिसायला हवं. पाठ सरळ पाटासारखी किंवा पिंपासारखी दिसत असेल तर वजन जास्त.

तिसरी, पोट. बाजूने पाहिल्यावर पोट छातीच्या रेषेपेक्षा वर गेलेलं हवं. खाली लोंबत असेल तर विचार करा.

आपल्याकडे पामेरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झुपकेदार कुत्र्यांत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. केसांखाली सगळं झाकलं जातं. तिथे हातच खरा.

एक सावधगिरी. पोट मोठं दिसणं म्हणजे दरवेळी चरबी नव्हे. पोटात पाणी होणं, गर्भारपण, काही हार्मोनचे विकार यांतही पोट वाढतं. पोट झपाट्याने वाढलं, कुत्रा खूप पाणी पिऊ लागला, वारंवार लघवी करू लागला, किंवा खाणं न वाढवता वजन वाढलं, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्य गाठा.

जादा वजनाने नेमकं काय बिघडतं?

सर्वांत आधी सांधे. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत खुब्याचे आणि ढोपराचे सांधे आधीच नाजूक असतात. त्यांवर जादा भार पडला की झीज लवकर होते, मागच्या पायातला गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याची शक्यता वाढते. मग तो जिना चढायचं टाळतो. आपण म्हणतो, "आळशी झालाय." तो आळशी झालेला नसतो, त्याला दुखत असतं.

दुसरं, श्वास आणि उष्णता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. अंगावर चरबीची गोधडी असेल तर उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. लठ्ठ कुत्र्याला, त्यातही पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला, उष्माघाताचा धोका खराच मोठा असतो.

तिसरं, भूल. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर लठ्ठ कुत्र्याला भूल देणं जास्त जोखमीचं असतं. आणि चरबीयुक्त खाण्याने स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते. त्यात उलट्या, तीव्र पोटदुखी होते आणि काही वेळा जीवही जातो.

"डॉक्टर, त्याला शुगर होईल का?" हा प्रश्न मला हमखास येतो. कुत्र्यांतला मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप २ सारखा नसतो. त्यांच्यात इन्सुलिनच तयार होत नाही, त्यामुळे वजन आणि साखर यांचं आपल्यातलं सरळ नातं तिथे तसंच लागू होत नाही. मांजरांत मात्र ते आपल्यासारखंच दिसतं. पण साखर नाही म्हणून वजन चालेल, असा अर्थ कृपया काढू नका.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आयुष्याचा. अमेरिकेत १९८७ साली ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक अभ्यास सुरू झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खायला दिलं त्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला, आणि हे आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष छापले गेले. कमी खाणारे, सडपातळ राहिलेले कुत्रे सरासरी १३ वर्षं जगले, त्यांची जास्त खाणारी भावंडं ११.२ वर्षं. म्हणजे जवळजवळ बावीस महिन्यांचा फरक. सांधेदुखीच्या उपचारांची गरजही सडपातळ कुत्र्यांना बरीच उशिरा पडली. दोन बाबी लक्षात घ्या. जास्त खाणारे कुत्रे काही अवाढव्य नव्हते, आपण ज्याला "थोडा भरलेला" म्हणू असेच होते. आणि हा अभ्यास कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचा होता. खाद्य विकणाराच जेव्हा कमी घाला म्हणतो, तेव्हा ऐकायला हवं.

कुत्र्याचं एकूण आयुष्यच बारा-तेरा वर्षांचं. त्यातली जवळपास दोन वर्षं भांड्यातल्या जादा खाण्यावर खर्च होतात. मी हा लेख लिहितोय तो या दोन वर्षांसाठी.

जरा हिशेब मांडू या

माझ्याकडे येणारे वजनदार रुग्ण एक वाक्य ठरल्यासारखं म्हणतात, "डॉक्टर, मी तर काहीच खात नाही." ते खोटं बोलत नसतात. ते फक्त जेवण मोजतात. मधलं चहाबरोबरचं बिस्किट, भाजी करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या डब्यात उरलेला घास हे त्यांच्या हिशेबात नसतं. कुत्र्याचंही अगदी तसंच होतं.

समजा, तुमच्याकडे झुपकेदार पामेरियन आहे. त्याचं योग्य वजन ६ किलो. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या अशा कुत्र्याला दिवसाला साधारण ४३० कॅलरी पुरतात. आपल्याला सवय आहे २००० च्या आकड्यांची, म्हणून ही संख्या नीट मनात ठेवा.

आता घरातला एक दिवस पाहा. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं, ४५ कॅलरी. वहिनींकडून एक टोस्ट, ४०. शाळेतून आलेल्या नातवाच्या डब्यातली अर्धी चपाती, ५५. रात्री भातावर "थोडंसंच" म्हणून चमचाभर तूप, ४५. कुणी पेढे आणले म्हणून अर्धा पेढा, ४०. बेरीज झाली २२५. म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त, आणि त्याचं मुख्य जेवण तर यात धरलेलंच नाही. यातल्या प्रत्येकाने दिलं किती? एक घास.

दुसऱ्या बाजूने बघा. या कुत्र्याला चार ग्लुकोज बिस्किटं देणं म्हणजे तुम्ही स्वतःच्या जेवणावर रोज चार चपात्या जास्त खाण्यासारखं आहे. आणि ६ किलोचा कुत्रा ८ किलोचा होणं म्हणजे ६० किलोचा माणूस ८० किलोचा होणं. "दोनच किलो वाढलंय" म्हणताना हे आठवा.

पशुवैद्यकातला साधा नियम असा की खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावा. आपल्या पामेरियनसाठी ही मर्यादा ४३ कॅलरी, म्हणजे दोन बिस्किटंही नीट बसत नाहीत. वजन कमी करायचं असेल तर एकूण आहारच साधारण २७० कॅलरींवर आणावा लागतो. मग खाऊच्या वाट्याला येतं एक बिस्किट. दिवसाला, आणि सगळ्या घरात मिळून.

मग करायचं काय?

१. आधी तपासणी. थायरॉईड कमी असणं, कुशिंगसारखा हार्मोनचा विकार, त्वचेच्या खाजेसाठी चालू असलेली स्टिरॉईडची औषधं यांनीही वजन वाढतं. हे आधी पशुवैद्याकडून पाहून घ्या. नसबंदीनंतर उष्मांकाची गरज कमी होते. म्हणून नसबंदी टाळायची नाही, त्यानंतर खाणं कमी करायचं.

२. वजन करा आणि लिहून ठेवा. लहान कुत्रा असेल तर त्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्यासाठी दवाखान्यातला काटा, किंवा ओळखीच्या आडत दुकानातला मोठा काटाही चालतो. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर.

३. एकच डबा. दिवसभराचं सगळं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढा, खाऊसह. घरात ज्याला कुणाला द्यायचं असेल त्याने याच डब्यातून द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. माझ्या मते या सगळ्या यादीतला हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

४. अंदाजाने नको, मोजून. "एक वाटी" म्हणजे कुणाची वाटी? स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा. विकतचं खाद्य असेल तर पाकिटावरचं प्रमाण आताच्या वाढलेल्या वजनासाठी नव्हे, पशुवैद्याने ठरवून दिलेल्या योग्य वजनासाठी पाहा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा. भांडं दिवसभर भरून ठेवू नका.

५. घरचं खाणं देत असाल तर नुसतं निम्मं करू नका. दूधभाकरी किंवा वरणभात निम्मा केला तर कॅलरींबरोबर प्रथिनंही निम्मी होतात आणि चरबीऐवजी स्नायू झडतात. भात-भाकरी-तूप कमी करून उकडलेलं बिनहाडाचं चिकन, अंडं यांचा वाटा किती ठेवायचा हे पशुवैद्याकडून ठरवून घ्या. घर शाकाहारी असेल तर हा सल्ला आणखी गरजेचा.

६. घाई नको. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के घट पुरेशी आहे. ८ किलोच्या कुत्र्याला आठवड्याला ८० ते १६० ग्रॅम. म्हणजे दोन किलो उतरवायला चार-पाच महिने. उपाशी ठेवणं हा उपाय नाही. मांजराच्या बाबतीत तर उपास जिवावर बेतू शकतो, त्याच्या यकृताला गंभीर इजा होते.

"एखादी गोळी नाही का?" असंही विचारलं जातं. २००७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या लठ्ठपणासाठी डिर्लोटापाइड नावाच्या औषधाला मान्यता मिळाली होती. आज ते वापरात राहिलेलं नाही. आणि माणसांसाठी निघालेली वजन कमी करण्याची औषधं आपल्या मनाने कुत्र्याला देण्याचा विचारही करू नका.

खाऊ बंद नाही, खाऊ बदला

खाऊ पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, कारण ते कुणी पाळत नाही. माणसांच्या पथ्यात शिकलेली गोष्ट इथेही लागू आहे : जे पाळता येईल तेच पथ्य.

गाजराचे, काकडीचे तुकडे, शिजवलेली फरसबी, लाल भोपळा, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड हे बहुतेक कुत्र्यांना चालतं. मीठ, तेल, फोडणी नको. शंभर ग्रॅम काकडीत १५ च्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्याच वजनाच्या ग्लुकोज बिस्किटांत ४५० च्या आसपास. बिस्किटच द्यायचं असेल तर त्याचे चार तुकडे करून चार वेळा द्या. त्याला आनंद तुमच्या हातून मिळण्याचा असतो, तुकड्याच्या आकाराचा नसतो. आणि सर्वांत सोपं म्हणजे डब्यातल्या त्याच्याच खाद्याचे दाणे खाऊ म्हणून द्या.

हे मात्र अजिबात देऊ नका

आपला जिल्हा कांद्याचा. आपल्या रश्श्यात, भाजीत, आमटीत कांदा-लसूण असतोच. कुत्र्यासाठी दोन्ही घातक आहेत, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून "नुसता रस्सा घातला भाकरीवर" हेसुद्धा नको. द्राक्षं आणि बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, तेव्हा प्रसादाचा शिरासुद्धा बेदाणे पाहून. चॉकलेट विषारी. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. मटणाची चरबी स्वादुपिंडाला नको.

मधुमेही घरांसाठी एक खास सूचना. शुगर-फ्री च्युइंग गम आणि काही शुगर-फ्री गोड पदार्थांत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याची साखर मात्र त्याने धोकादायक रीतीने उतरते आणि यकृतालाही इजा होते. "साखर नाही म्हणून त्यालाही चालेल" हा तर्क जीवघेणा ठरू शकतो.

आणि तो लंगडतोय म्हणून आपली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धी करून देऊ नका. पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचं नुकसान होऊ शकतं.

फिरणं, ऊन आणि बिबट्या

व्यायाम हवाच, पण वजन उतरवण्यात मोठा वाटा खाण्याचा. फिरणं त्याच्या सांध्यांसाठी, स्नायूंसाठी आणि मनासाठी. पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर पळवू नका. दहा-पंधरा मिनिटं, सपाट मऊ जमिनीवर, आणि हळूहळू वाढवा. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पावलांनाही बसणार.

संध्याकाळी अंधार पडल्यावर फिरवण्याबाबत आपल्या जिल्ह्यात वेगळा विचार करावा लागतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत उसाच्या कडेने राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. तेव्हा फिरणं उजेडात उरका. बाहेर नेणं शक्य नसेल त्या दिवशी अंगणात, गच्चीवर चेंडू टाका, किंवा डब्यातले दाणे घरभर थोडे थोडे पसरून त्याला हुंगत शोधायला लावा. तोही व्यायामच आहे.

"पण डॉक्टर, तो बघतो ना!"

सगळं ऐकून झाल्यावर शेवटी गाडी इथे येते. तो बघतो. मान तिरकी करून, भुवया वर करून बघतो. आणि आपल्या हातातला घास खाली जातो.

बहुतेक वेळा ही भूक नसते, सवय असते. बघितलं की मिळतं हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. आठ-दहा दिवस ताटावरून काहीही दिलं नाही की बहुतेक कुत्र्यांचं बघणं कमी होतं. अट एकच, त्या दिवसांत घरातल्या कुणीही फुटायचं नाही. एकाने जरी मध्येच दिलं तर तो आणखी चिकाटीने बघायला शिकतो.

काही लॅब्रॅडॉर मात्र याला अपवाद आहेत, आणि त्यांच्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की जवळपास दर चार लॅब्रॅडॉरांपैकी एकात पीओएमसी नावाच्या जनुकात बिघाड असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचण्यात त्यामुळे अडथळा येतो. पुढे २०२४ मध्ये याच गटाने दाखवलं की असे कुत्रे विश्रांतीत ऊर्जाही सुमारे एक चतुर्थांश कमी खर्च करतात. म्हणजे भूक जास्त, खर्च कमी. अशा कुत्र्याला "हावरट" म्हणून हिणवू नका. त्याला कमी कॅलरीचं पण पोट भरणारं खाणं, जास्त वेळांत विभागून द्या. त्याच्या मालकाला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतील, पण वजन आटोक्यात ठेवणं त्यालाही जमतं.

मग पुण्याचा मुद्दा येतो. "मुक्या जीवाला नाही कसं म्हणायचं?" आपल्या मनावर संस्कारच तसे आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन, कोरडी खाऊ नकोस म्हणत धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकलेले आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या शिर्डीच्या कथांतही भुकेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालणारी बाई भेटते. या गोष्टी मलाही प्रिय आहेत. पण त्यातला कुत्रा भुकेला होता, आणि भाकरी कोरडी होती. त्या गोष्टींचा गाभा समोरच्या जीवाची गरज ओळखणं हा आहे. तुमच्या सोफ्यावर झोपलेल्या, धाप लागलेल्या कुत्र्याची गरज तूप नाही. त्याला चालताना दुखू नये, ही त्याची गरज आहे.

सर्वांत अवघड भाग घरातल्या वडीलधाऱ्यांचा. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरी आजी-आजोबा आणि कुत्रा. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारा, त्यांची वाट बघणारा तो एकटाच. त्याला बिस्किट देणं हा त्यांच्या दिवसातला एक संवाद असतो. अशा वेळी सुनेने किंवा मुलाने येऊन "बाबा, देऊ नका हो त्याला" असं ओरडणं मला पटत नाही. त्यांच्या हातातून देणं काढून घेऊ नका, काय द्यायचं ते बदला. सकाळी काकडी-गाजराची वाटी चिरून त्यांच्याच हाताशी ठेवा. कुत्र्याला घास मिळेल, आजोबांना त्याचं शेपूट हलताना दिसेल, आणि वजनाच्या वहीची जबाबदारीही त्यांच्याकडेच द्या. सर्वांत काटेकोर नोंद तेच ठेवतील, हे माझं भाकीत.

दोघांसाठी एकच वही

शेवटी माणसांचा डॉक्टर म्हणून थोडं माझ्या फायद्याचं बोलतो. स्वीडनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली छापला गेला. ज्यांच्या कुत्र्याला मधुमेह होता, त्या मालकांना स्वतःला टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण इतर कुत्रेवाल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त आढळलं. कुत्र्याकडून मधुमेह लागत नाही, घाबरू नका. दोघांचं घर एक, स्वयंपाक एक, सोफाही एक, याकडे तो आकडा बोट दाखवत असावा.

शिकागोमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लठ्ठ माणसं आणि त्यांचे लठ्ठ कुत्रे एक वर्ष एकत्र वजन कमी करत होते. वर्षाअखेरीस माणसांचं वजन सुमारे ५ टक्क्यांनी उतरलं, कुत्र्यांचं १५ टक्क्यांनी. त्याच घरात, त्याच काळात. कुत्र्यांची इच्छाशक्ती आपल्यापेक्षा दांडगी असते असं नाही. त्यांचं भांडं भरणारा दुसरा कुणीतरी होता, आणि त्याने मोजून भरलं.

म्हणून तुम्हाला माझं एवढंच सांगणं. उद्या सकाळी कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून पाहा. हाड लागलं नाही तर पशुवैद्याकडे वेळ घ्या, एक डबा वेगळा काढा आणि एक वही घाला. वहीत दोन रकाने आखा, एक त्याच्या वजनाचा आणि एक तुमच्या. पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा वही सोबत आणा. तुमचा रकाना मी बघेन, त्याचा तुमचे पशुवैद्य बघतील.

काळजी घ्या, दोघांचीही.